शेजारच्या सीटचे किलोमीटर

जुनी गाडी विकणारा माणूस दोन गोष्टी हमखास सांगतो. एक, गाडी बाईमाणसाने चालवलेली आहे. दोन, ती फक्त रविवारी बाहेर निघायची. ही वाक्यं मी बावीस वर्षं ऐकतोय. त्यावरून माझा असा ठाम समज झालाय, की जगातल्या सगळ्या गाड्या रविवारी बायका चालवतात आणि उरलेले सहा दिवस रस्त्यावर जे दिसतं तो नजरेचा भास असतो.

माझा धंदा हा समज तपासण्याचा. गिऱ्हाईक फोन करतं. मी टॉर्च, आरसा, स्कॅनर आणि गुडघ्यांसाठी एक चपटी उशी घेऊन जातो आणि गाडी खरोखर किती धावलीय ते सांगतो. मीटर काय म्हणतो ते कोणीही वाचेल. मीटर मागे फिरवणं हल्ली दाढी करण्याइतकं सोपं झालंय, आणि दाढी केल्यावर माणूस जितका तरुण होतो तितकीच गाडीही होते. मी दाढीखालचं वय बघतो. पेडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी, ब्रेकच्या डिस्कला आलेली कड, टायरवर छापलेला आठवडा. माणूस खोटं बोलतो, मीटर त्याचं ऐकतो, रबर कोणाचंच ऐकत नाही. माझ्या फॉर्मवर शेवटचा रकाना असतो, 'खरं धावलेलं अंतर'. तो मी आजवर एकदाही कोरा सोडला नव्हता.

एवढं असून आमच्या घरी गाडी नव्हती. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात, तो आमच्या जिन्याखाली होता आणि त्यात माझी स्कूटर उभी असायची.

"दुसऱ्यांच्या हजार गाड्या पास केल्यास, स्वतःसाठी एक नाही," बायको म्हणायची. "नशीब माझं, मला बघायला आलास तेव्हा टॉर्च घरी विसरला होतास."

बायको शाळेत भूगोल शिकवते. तिची उंची माझ्याइतकीच आहे. अर्धा इंच जास्त आहे असं तिचं म्हणणं, आणि तो अर्धा इंच केसांचा आहे असं माझं. आमच्या चपलांचं मापही एकच. सकाळी जो आधी उठतो तो चांगला जोड घालतो. पाय मात्र वेगळे. सव्विसाव्या वर्षी मी शिडीवरून पडलो, डाव्या पायाचा घोटा मोडला आणि जुळताना थोडा तिरका जुळला. तेव्हापासून माझा डावा चवडा बाहेर बघतो. पूर्वी ज्या गॅरेजात नोकरीला होतो, तिथल्या व्हॅनच्या क्लचवर अकरा वर्षांत मी माझी सहीच करून ठेवलीय. रबराचा वरचा बाहेरचा कोपरा पार गुळगुळीत, बाकी रबर धडधाकट. असं झिजलेलं पेडल मी दुसऱ्या कोणाच्या गाडीत कधी पाहिलं नव्हतं.

गाडीचा विषय निघाला तो सासूबाईंमुळे. त्या एकशेदहा किलोमीटरवर राहतात, सोबतीला एक बाई ठेवलेली. आधी त्या चष्मा विसरायला लागल्या, मग गॅस, मग वार. बायको दर रविवारी दोन बस बदलून जायची. परतीची शेवटची बस चार वाजता. जाण्यायेण्यात नऊ तास आणि आईजवळ पाऊण तास.

"ही कोण हे आईला आठवायला अर्धा तास लागतो," एका रविवारी ती डब्याचं झाकण लावत म्हणाली. "ओळख पटते आणि माझी बस येते."

ती रडली नाही. झाकण बसत नव्हतं, ते तिने तीनदा लावून पाहिलं. सोमवारपासून मी गाडी शोधायला लागलो.

एका दाताच्या डॉक्टरबाईंची गाडी विकायची होती. दवाखान्याच्या मागच्या बाजूला छोटं अंगण होतं आणि त्यात पत्र्याच्या छपराखाली राखाडी रंगाची गाडी. डॉक्टरबाई सत्तरीच्या, ताठ, पांढरा कोट घालूनच बाहेर आल्या.

"मला आता लांबचं नीट दिसतं आणि जवळचं दिसत नाही," त्या म्हणाल्या. "दाताच्या डॉक्टरचं उलटं असायला हवं. दवाखाना बंद करतेय. गाडीही नको."

"कोण चालवायचं?"

"मीच. आणि रविवारी नाही हं. रविवारी मी झोपते."

तिथेच मला त्या आवडल्या.

मीटरवर ३८,४१२ होते. मी उशी टाकली आणि कामाला लागलो. स्कॅनरने गाडीच्या पोटातले आकडे वाचले, तेही ३८,४१२. सर्व्हिसच्या पावत्या एकाखाली एक बसत होत्या. टायर पहिलेच होते आणि अडतीस हजारांना झिजावेत तितकेच झिजले होते. डिस्कची कडही तेच सांगत होती. इतकी खरी गाडी मी वर्षानुवर्षांत पाहिली नव्हती. खऱ्या माणसासमोर जसं अवघडल्यासारखं होतं, तसं मला तिच्यासमोर झालं.

चालकाच्या सीटवर बसलो. सीट पुढेमागे करावी लागली नाही. आरसाही हलवावा लागला नाही. डॉक्टरबाई माझ्या खांद्याला लागत होत्या, हे माझ्या लक्षात आलं, पण त्या क्षणी मी टॉर्च पेडलांवर मारत होतो.

क्लचच्या रबराचा वरचा बाहेरचा कोपरा गुळगुळीत होता.

मी खाली वाकून बोट फिरवलं. मधला भाग अडतीस हजारांचा, सरळ पायाचा. आणि त्यावर, तिरक्या पायाचा, निदान सत्तर हजारांचा.

"डॉक्टरबाई, गाडी आणखी कोणी चालवायचं?"

"कोणी नाही."

"तुमचा डावा पाय?"

"काय झालं त्याला?" त्यांनी अंगणात चार पावलं चालून दाखवली. शाळेतल्या कवायतीसारखी सरळ.

आता यात एक अडचण होती. चोर माणूस झिजलेलं रबर काढतो आणि नवं बसवतो, म्हणजे म्हातारी गाडी तरुण दिसते. तरुण गाडीला म्हातारं रबर लावणारा ठग अजून जन्माला यायचाय. त्यात फायदा कोणाचाच नाही. मी फॉर्म भरला, शेवटच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि उचललं.

"शेजारच्या सीटवर कोण बसायचं?"

"माझी बॅग. हत्यारांची." त्या पहिल्यांदाच हसल्या. "तिलाही पट्टा बांधावा लागतो, नाहीतर गाडी ओरडते. वजनाला ओरडते हो, माणूस की बॅग हे तिला कळत नाही. माझी बॅग तीन किलोची, तरी कोकलते. माझ्याकडे कोणी माणूस बसलेलंच नाही."

मी घरी येऊन सांगितलं, "गाडी बरी आहे. पुन्हा एकदा बघतो."

"म्हणजे चांगली आहे," बायको म्हणाली. "वाईट असती तर तू खुश दिसला असतास."

आठवड्याने पुन्हा गेलो. मीटर ३८,४१९. मधे त्या एकदा पेट्रोल भरून आल्या होत्या. या वेळी मी शेजारच्या बाजूने सुरुवात केली.

त्या बाजूच्या दारावर, छताजवळ, धरायचं हँडल होतं. त्याच्या आतल्या अंगाला बारीक चंद्रकोरीसारखे दाबलेले खळगे होते. चार एका ओळीत, पुन्हा चार, पुन्हा चार. पायाखालची रबरी मॅट उचलली. कार्पेटमध्ये उजव्या पायाच्या जागी बशीएवढा खळगा पडला होता, लोकर उडून खालचा ताग दिसत होता. शेजारी बसून, नसलेला ब्रेक दाबणाऱ्या माणसाच्या पायाने पडतो तसा.

माझी बायको असा ब्रेक दाबते. ओळखीच्यांच्या गाडीत, रिक्षात, एकदा तर झोपाळ्यावर.

"हे आधीपासून आहे?" मी विचारलं.

डॉक्टरबाईंनी कोटाच्या खिशातून दात बघायचा छोटा आरसा काढला आणि हँडलमागे धरला. बराच वेळ बघितलं.

"जाहिरात दिली तेव्हा मी स्वतः गाडी पुसली होती," त्या म्हणाल्या. "तेव्हा नव्हतं." मग आरसा पुसत म्हणाल्या, "नखं आहेत. दात बघून मला कळतं, माणूस झोपेत काय करतो ते. हा घाबरतो. पण चालवणाऱ्यावर विश्वास आहे त्याचा. नसता तर दोन्ही हातांनी धरलं असतं."

"तुम्हाला याची भीती नाही वाटत?"

"चाळीस वर्षं लोकांनी तोंड उघडलेलं बघितलंय मी. भीती तुम्हाला वाटतेय. बसा जरा, पाणी देते."

पाणी पिऊन मी शेजारच्या सीटचा फोम दाबून पाहिला. सीटवर माणूस बसत राहिला की फोम बसतो. बसायचा थांबला की दोनेक वर्षांनी पुन्हा फुगतो, पण पहिल्यासारखा नाही. हा बसून पुन्हा फुगलेला होता. पट्ट्याचं कुलूप कित्येक दिवसांत न वापरल्यासारखं जड होतं. नखांच्या खुणांतही धूळ होती, जुनी, घट्ट.

बावीस वर्षांची सवय वाईट असते. डोकं आपोआप हिशेब करतं. चालकाच्या जागेवर तिरक्या पायाचे सत्तर हजार. शेजारच्या सीटवर चौदा हजार, आणि मग कोणी नाही. डॉक्टरबाईंकडे तिथे कोणी बसलंच नाही, म्हणजे हे चौदा हजार अजून धावायचेत, आजपासून मोजायचे. अडतीस आणि चौदा, बावन्न. बावन्न हजार चारशेच्या आसपास. माझा अंदाज पाचशे किलोमीटरपेक्षा जास्त चुकत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणतात.

तिरका पाय माझा. शेजारच्या सीटवर कोण, ते कळायला फॉर्म भरायची गरज नव्हती.

घरी सांगितलं, "गाडी बेकार आहे."

"काय बेकार?"

"आतून झिजलीय."

"आतून कोण झिजलेलं नाही," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर डॉक्टरबाईंकडे गेली. मला कळलं तेव्हा मी स्कूटर काढून मागोमाग पोहोचलो. दोघी छपराखाली उभ्या राहून गप्पा मारत होत्या, जणू बालमैत्रिणी. बायकोने शेजारचं दार उघडलं, बसली, हात सहज वर हँडलकडे गेला.

"थांब," मी म्हटलं.

तिचा उजवा पाय खाली टेकला आणि त्या खळग्यात बसला. तिने तिकडे बघितलंही नाही. चांगला जोड कोणता हे पायाला अंधारातही कळतं, तसं झालं ते.

"किती आरामशीर आहे रे," ती म्हणाली. "आई मागे आडवीसुद्धा होईल."

त्या दुपारी आम्ही जेवणाच्या टेबलाशी बसलो. तिच्यासमोर तपासायच्या वह्या, माझ्यासमोर तो फॉर्म.

"हे बघ," ती म्हणाली, "आईला मी अजून वर्षभर आठवेन, फार तर दीड. डॉक्टर म्हणाले तसं. त्यातले किती रविवार मी बसस्टॉपवर काढायचे, ते तू सांग. तू मोजण्यात हुशार आहेस."

मी फॉर्म उलटा करून ठेवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथे तर हात न दाखवताच.

मी तिथेच बसून शांतपणे विचार केला. विचार असा. गाडी नाही घेतली तर खुणा खोट्या ठरायला हव्यात. पण न घेतलेल्या गाडीवर आमच्या खुणा पडतील कशाला? पडल्यात, म्हणजे घेतलीय. दगडावर डोकं आपटण्यात अर्थ नव्हता, ते आधीच फुटलेलं होतं. पण अहवाल रद्द करण्याचा एक मार्ग असतो, आणि तो मला धंद्यातून माहीत होता. एक नोंद खोटी पाडली की सगळा अहवाल संशयास्पद ठरतो. क्लचवरचा तिरका पाय माझा होता. मी त्या क्लचला पायच लावला नाही तर?

"घेऊ," मी म्हटलं. "पण एका अटीवर. चालवायची तू."

तिने वही बंद केली. "मी?"

"तू. शिकायचं. मी शेजारी बसणार. नेहमी. मी ती गाडी चालवणार नाही. कधीच नाही."

"कारण?"

"इतकी वर्षं लोकांच्या गाड्या चालवल्या. आता मला कोणीतरी फिरवावं."

तिने माझ्याकडे पाहिलं. "खोटं बोलताना तू कान खाजवतोस," ती म्हणाली. "पण बोलतोयस गोड. चालेल."

शिकण्याच्या दिवसांबद्दल सविस्तर लिहीत नाही, कारण आम्हाला अजून एकाच घरात राहायचंय. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी ती पहिल्यांदा स्टिअरिंगला बसली आणि पहिल्या वळणाला म्हणाली, "पूर्व कुठे ते सांग, डावं-उजवं नको सांगू." महिनाभरात आम्ही दोन कुंड्या, एक फाटक आणि एका शेजाऱ्याशी असलेले संबंध गमावले. मी हँडलला लटकून असायचो. ब्रेक दाबायचो, जो माझ्या बाजूला नव्हता.

एकदा सिग्नलला थांबलो असताना खाली पाहिलं. माझा उजवा बूट बरोबर त्या खळग्यात होता.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलं हलकं. ती त्या सीटवर नव्हती, एवढंच मला दिसत होतं. आणि क्लचवर तिचा पाय सरळ पडत होता. भूगोलाच्या बाईचा, उत्तर-दक्षिण.

मग रविवार सुरू झाले. आम्ही सकाळी सातला निघायचो आणि संध्याकाळी हवं तेव्हा परतायचो. ओळख पटायला अर्धा तास लागायचा, पण त्यानंतर हातात पाच तास असायचे. मायलेकी ओट्यावर बसून जुन्या शेजारणींची उणीदुणी काढायच्या. सासूबाईंना जावयाचं नाव आठवत नसे. त्या मला "गाडीवाला" म्हणायच्या.

"गाडी तर मी चालवते, आई."

"मग हा काय करतो?"

"घाबरतो," बायको म्हणायची आणि दोघी एकदम हसायच्या. ते हसणं ऐकायला मी आणखी दोन फाटकं दिली असती.

चव्वेचाळीस हजारांना ती पडली. शाळेत स्टुलावर चढून जगाचा नकाशा टांगत होती. स्टूल कलंडलं. डावा घोटा.

सहा आठवडे प्लास्टर.

"आता तरी तू चालव," ती म्हणाली. "दोन-चारच रविवार."

"क्लच प्लेट गेलीय," मी म्हटलं.

"काल तर ठीक होती."

"आतून गेलीय."

तिने माझ्या कानाकडे पाहिलं. मी हात खिशात घातले. ते सहा रविवार मी तिला घेऊन बसने गेलो, कुबड्या, डबा आणि दोन बस. आईजवळ पाऊण तास.

प्लास्टर निघालं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, थोडं तिरकं जुळलंय. चालताना त्रास नाही. चवडा जरासा बाहेर राहील, इतकंच.

"झालं," ती माझ्या शेजारी चालून बघत म्हणाली. "उंची सारखी, चपला सारख्या, आता लंगडणंसुद्धा सारखं. छत्तीस गुण जुळले."

मी हसलो. हसल्याचं आठवतंय मला.

त्या रविवारी ती चालकाच्या सीटवर बसली. सीट पुढेमागे करावी लागली नाही. आरसा हलवावा लागला नाही. तिने डावा पाय क्लचवर ठेवला.

वरचा बाहेरचा कोपरा.

बोट फिरवून पाहायची गरज नव्हती. रबर तिच्या चवड्याखाली असं बसलं होतं, जसं सत्तर हजार किलोमीटर वाट बघत होतं.

"काय बघतोस?"

"काही नाही. चल."

मी अहवाल पुन्हा मनात वाचला. एकही नोंद खोटी नव्हती. फक्त नावं मी चुकीची घातली होती. पुढचे सत्तर हजार तिचे होते. इतके किलोमीटर, म्हणजे किती वर्षं, ते मी मोजलं. ती पुष्कळ होती. मोजून झाल्यावर मी हँडल धरलं आणि बाहेर बघत बसलो. झाडं चांगली होती त्या रस्त्याला. इतके दिवस माझं लक्ष नव्हतं.

मी तिला पंक्चर काढायला शिकवलं. तेल कधी बदलायचं, कोणत्या मेकॅनिकवर विश्वास ठेवायचा आणि कोणाच्या आईवरसुद्धा ठेवायचा नाही, ते एका वहीत लिहून ठेवलं. "मला कशाला हे सगळं?" ती म्हणाली. "तू आहेस ना."

"वही बरी असते," मी म्हटलं.

गेल्या रविवारी निघताना मीटर ५२,३२१ होता.

सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. या वेळी ओळख लगेच पटली. त्यांनी लेकीचा हात धरला, तिच्या तोंडावरून हात फिरवला आणि तिच्या मागे पाहिलं, जिथे मी डबा घेऊन उभा होतो.

"आज एकटीच आलीस?"

"अगं, हा काय मागे. गाडीवाला."

सासूबाई माझ्या दिशेने बघत राहिल्या. मग मान हलवून म्हणाल्या, "बरं, बरं." त्यांना हल्ली काय काय आठवत नाही. आम्ही हसलो.

पाच वाजता निघालो. बायको फाटकाशी सोबतीच्या बाईला औषधांच्या वेळा सांगत होती. गाडी चालू करून ठेवली होती तिने. मी शेजारी बसलो. पट्टा लावायचा राहिला होता, विचारात होतो.

थोड्या वेळाने लक्षात आलं, की गाडी ओरडली नव्हती.

मी पट्टा न लावताच बसून राहिलो. एक मिनिट. दोन. गाडी शांतपणे गुरगुरत होती.

सेन्सर गेला असणार. वायर सैल होते, अशा गाड्यांत होतं. मी खाली उतरलो आणि खात्री करायला मागच्या सीटवरची तिची पिशवी उचलून पुढे ठेवली. तपासायच्या वह्या होत्या आत. तीन किलो, फार तर.

गाडी लगेच कोकलायला लागली.

पिशवी उचलून पुन्हा मागे ठेवली. गप्प.

मी बसलो. गप्प.

मीटरवर ५२,४३१ होते.

बायको येऊन बसली. मी घाईने पिशवी मांडीवर घेतली आणि गाडीने ओरडायला सुरुवात केली.

"पट्टा लाव रे," ती म्हणाली.

मी लावला. आवाज थांबला. तिने डावा पाय क्लचवर ठेवला, तिरका, आणि गाडी रस्त्यावर घेतली. पहिल्या वळणाला तिने माझ्याकडे पाहिलं.

"पिशवी मागे टाक की. मांडीवर ओझं कशाला?"

"असू दे," मी म्हटलं.